पीक राखायचं की जीव? रानडुकरांच्या प्रश्नावर थोडा विचार



“सरकारी परवानगी घेऊन शेतातलं रानडुक्कर मारलं, तर पाप लागतं का?” हा प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका कुटुंबाकडून आपल्या गटावर आला आणि बघता बघता उत्तरांचा ढीग लागला. इंदूर-वडोदऱ्याकडून बऱ्याच जणांनी लिहिलं की जीवहत्या ती जीवहत्या, कागदावर शिक्का असल्याने ती पुण्य होत नाही. सत्तरी आणि चंदगडकडच्या मंडळींनी लिहिलं, एक रात्र आमच्या माळ्यावर येऊन बसा आणि मग बोला. कुणी वराहावताराचं चित्र पाठवलं, तर कुणी अमेरिकेतला हेलिकॉप्टरमधून डुकरं टिपण्याचा व्हिडिओ टाकला. शेवटी एका काकांनी हात जोडलेलं चिन्ह पाठवून विषय बंद करायला सांगितलं.

विषय बंद करणं आम्हा सेविकांना बरं वाटलं नाही. प्रश्न विचारणारं घर आपलंच आहे, त्यांचं भातही आपल्यातल्या कितीतरी घरांत जातं. म्हणून या वेळचं पत्र याच विषयावर. आधी नुकसान काय असतं ते बघू, मग कायदा काय म्हणतो ते, आणि शेवटी पापपुण्याकडे येऊ. हा क्रम मुद्दाम घेतला आहे. ज्याचं नुकसान झालं त्याचं ऐकल्याशिवाय धर्म सांगायला बसू नये, एवढं तर आपल्या घरांतही आपण पाळतो.

*नुकसान नेमकं काय?*

शहरात वाढलेल्यांना वाटतं, डुक्कर येऊन थोडं खाऊन जात असेल. तसं नसतं. भात दाण्यावर आलं की डुकरांचा कळप रात्री शेतात शिरतो. जेवढं खातो त्याच्या कितीतरी पट तुडवतो आणि लोळवतो. भुईमूग, रताळी, कंद हे तर नांगर घातल्यासारखं उकरून ठेवतो. मक्याची ताटं मोडून आडवी करतो. पेरणीपासून चार महिने जे घर उधारीवर चाललेलं असतं, त्याचा हिशोब एका रात्रीत उलटतो. बी-बियाणं, खत, मजुरी, सोसायटीचं कर्ज, सगळं आधीच खर्च झालेलं असतं आणि हातात यायचं तेवढंच गेलेलं असतं.

त्यात राखणीचं काम वेगळं. पीक निघेपर्यंत घरातला एक माणूस रोज रात्री माळ्यावर. डबे बडवायचे, हाकारे घालायचे, बॅटरी मारत बांधावरून फिरायचं. सापविंचवाची भीती असतेच. घरी बाई एकटी, म्हातारी माणसं, शाळेची मुलं. हे महिनाभर रोज केल्यावर माणूस दिवसा कामाला किती उपयोगी राहील? हा खर्च कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

डुकरं वाढली कशाने, हेही विचारायला हवं. डुकराला खाणारे वाघ-बिबटे रानातून कमी झाले. जंगलाचे तुकडे झाले, मधून रस्ते गेले. बारमाही पाण्यामुळे उसाचे फड आले, आणि उसात डुकराला दिवसभर लपायला जागा मिळते. गावाच्या कडेला आपण टाकलेलं खरकटं त्याला आयतं मिळतं. जंगलाला लागून हौसेने बांधलेली फार्महाऊसं कुणाची आहेत, तेही आपल्याला माहीत आहे. म्हणजे डुकराला शेतापर्यंत आणणारे हात पुष्कळ आहेत, आणि भरपाई मात्र बांधावरचं एकच घर करतं.

*कायदा काय सांगतो?*

यात पुढे ढकललेल्या निरोपांनी फार गोंधळ केला आहे, म्हणून जरा सविस्तर.

आपल्या देशात १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. २०२२ मध्ये त्यात मोठा बदल झाला आणि तो १ एप्रिल २०२३ पासून अमलात आला. प्राण्यांच्या याद्या, म्हणजे अनुसूची, आता नव्याने लावल्या आहेत. पहिल्या अनुसूचीत वाघ, हत्ती, गवा, काळवीट, मोर असे सर्वाधिक संरक्षण असलेले जीव आहेत. रानडुक्कर आणि नीलगाय दुसऱ्या अनुसूचीत आहेत.

पहिली गोष्ट ही की “माझ्या जमिनीत आलं म्हणजे माझं” असं इथे नाही. जमीन तुमची, सातबारा तुमचा, कर्नाटकातला उतारा किंवा गोव्यातला एक-चौदाचा फॉर्म तुमच्या नावाचा, तरी त्यावर चालणारा वन्यजीव तुमच्या मालकीचा होत नाही. जंगलात जो कायदा, तोच तुमच्या बांधाच्या आत.

दुसरी गोष्ट म्हणजे “शिकार” या शब्दाचा अर्थ. कायद्यात शिकार म्हणजे नुसतं गोळी घालणं नाही. विष घालणं, फासा लावणं, सापळ्यात पकडणं, हाका देऊन कोंडीत आणणं, आमिष दाखवणं आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच येतं. पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी-घरटी मोडणंसुद्धा येतं.

तिसरी गोष्ट परवानगीची. कलम ११ प्रमाणे पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतात. त्यातही त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही अशी खात्री झाल्याशिवाय मारण्याचा आदेश देता येत नाही. पीक खाल्लं हे कारण तिथे चालत नाही. म्हणून गव्याने शेत तुडवलं तरी गव्याला मारायची परवानगी मिळत नाही. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी मात्र माणसाच्या जिवाबरोबर मालमत्तेला, आणि त्यात स्पष्ट शब्दांत कोणत्याही जमिनीवरच्या उभ्या पिकाला, धोका असणं हेही कारण धरलं आहे. रानडुकराची परवानगी याच वाटेने मिळते. ती मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देतो. ती लेखी लागते, तिच्यात कारणं लिहिलेली लागतात, आणि कुठल्या भागासाठी आहे ते ठरवलेलं लागतं. तोंडी “बघून घ्या” म्हणजे परवानगी नव्हे.

बऱ्याच जणांना वाटतं की पीक राखायला बंदुकीचा परवाना आहे, मग डुक्कर मारायला हरकत काय? बंदुकीचा परवाना हा बंदूक बाळगण्याचा परवाना आहे. डुकरासाठी वेगळा आदेश लागतोच. त्याशिवाय मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिक्षा याहून जास्त.

चौथी गोष्ट स्वसंरक्षणाची. जनावर अंगावर आलं आणि स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने त्याला मारावं लागलं, तर तो गुन्हा नाही. पण हे माणसाच्या जिवापुरतं आहे, पिकासाठी ही सूट नाही. शिवाय त्या वेळी तुम्ही आधीच बेकायदा काही करत असाल, म्हणजे फासे लावायला गेलात आणि डुक्कर उलटलं, तर ही सूट तुमच्या कामाला येत नाही.

पाचवी गोष्ट आमच्या मते सगळ्यात विचार करण्यासारखी आहे. कलम ११ खाली मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता होतो. मांस घरी नेता येत नाही, वाटता येत नाही, विकता येत नाही. गटावर एकांनी विचारलं होतं की मारलंच आहे तर वाया का घालवायचं? वरवर बरोबर वाटतं. पण मांस मिळणार असेल, तर पुढच्या वेळी माणूस पिकासाठी जाईल की मांसासाठी, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. मेलेला देह हातातून काढून घेतला की मागे एकच कारण उरतं, पीक वाचवणं. आपण कर्मात हेतू शुद्ध असावा म्हणतो, त्यासाठी जपतप करतो. इथे कायद्याने लोभाची वाटच बंद करून हेतू स्वच्छ ठेवायची सोय केली आहे, असं आम्हाला वाटतं.

अमेरिकेच्या व्हिडिओबद्दलही इथेच सांगतो. आपल्यातल्या काहींची मुलं टेक्सासला आहेत, तिथून ते आले. तिथे २०१९ पासून जमीनमालकाच्या संमतीने खाजगी जमिनीवर रानडुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. पण तिथली डुकरं युरोपातून आलेल्या लोकांनी आणलेल्या पाळीव डुकरांची सुटून रानटी झालेली पिलावळ आहे. त्या भूमीला ती परकी. आपलं रानडुक्कर इथलंच आहे. वाघ-बिबट्याचं ते अन्न आहे, आणि त्याने उकरलेल्या मातीत जंगलाचं बी रुजतं. तिथला नियम उचलून इथे लावता येत नाही.

*सरसकट परवानगी दिली तर?*

कलम ६२ प्रमाणे केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला ठराविक भागात, ठराविक काळासाठी “उपद्रवी” जाहीर करू शकतं. मग तेवढ्या काळापुरतं त्याचं संरक्षण उठतं. पुष्कळांची मागणी आहे की रानडुकराचं हेच करा आणि कागदपत्रांची कटकट मिटवा. हे पूर्वी काही ठिकाणी झालेलं आहे, तेव्हा काय घडलं ते बघू.

डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुक्कर एका वर्षासाठी उपद्रवी ठरले. २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात दोनशेहून जास्त नीलगायी मारल्या गेल्या, त्यासाठी हैदराबादहून नेमबाज बोलावले होते. त्यावरून तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर आणि त्यांच्याच सरकारातल्या मेनका गांधी यांचा जाहीर वाद झाला. राज्यांनी मागितलं, शेतकऱ्यांचं नुकसान होतंय, म्हणून परवानगी दिली, असं एकांचं म्हणणं, तर दुसऱ्यांना ही मारण्याची हौस वाटली. न्यायालयाने स्थगिती दिली नाही. आम्हाला दोघांचंही काही प्रमाणात पटतं, आणि तिथेच खरी अडचण आहे.

त्याच वर्षी शिमल्यात माकडं उपद्रवी ठरली. परवानगी होती, तरी लोकांचा हात फारसा उठला नाही. ज्याला मारुतीचं रूप मानलं, त्याच्यावर गोळी कोण झाडणार? म्हणजे कायद्याने दार उघडलं तरी मनाने उंबरा ओलांडला नाही. नीलगायीचंही तसंच. ती पाळीव गाय नाहीच, रानातलं कुरंग आहे. पण नावात गाय आहे म्हणून माळव्यातल्या शेतकऱ्याचा हात थांबतो, आणि तोच शेतकरी तिला रोजडा म्हणतो तेव्हा तो हात थोडा मोकळा होतो. गोव्यातही २०१६ मध्ये रानडुक्कर, माकड, गवा आणि मोर यांना उपद्रवी ठरवण्याचा विचार बोलून दाखवला गेला होता. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी आणि मोर देशाचा राष्ट्रीय पक्षी! शब्द बदलला की जीवाची किंमत बदलते, हे आपल्याला एवढ्या सहज पटू नये.

केरळने २०२२ मध्ये मधला मार्ग घेतला. रानडुकराच्या बाबतीत आदेश द्यायचा अधिकार त्यांनी गावच्या पंचायतीच्या प्रमुखांपर्यंत खाली आणला. अर्ज घेऊन जिल्ह्याला खेटे घालायला नकोत, पण जबाबदारी घेणारा, सही करणारा माणूस असावा. विष, स्फोटकं आणि वीज वापरायची नाही, ही अटही ठेवली. हा मार्ग आम्हाला जास्त बरा वाटतो. निर्णय गावातच होतो, आणि कुणीतरी आपल्या नावाने तो घेतो.

मारल्याशिवायही काही करता येतं का, याचं एक ताजं उदाहरण मध्य प्रदेशातलं आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये शाजापूर भागात हेलिकॉप्टरने हाकत, नरसाळ्यासारख्या आवारात शिरवून, शेकडो काळवीट आणि काही नीलगायी पकडल्या आणि दुसऱ्या जंगलात नेऊन सोडल्या. खर्चाचं काम आहे, सगळीकडे जमणार नाही, डुकराला तर अवघडच. पण सरकारला वाटलं तर वाट काढता येते, एवढं त्यावरून दिसलं.

*काही गोष्टी कधीच नाहीत*

इथे मात्र आमचं मत अगदी ठाम आहे. कितीही नुकसान झालं तरी तीन गोष्टी करू नयेत. गावठी बॉम्ब, विष, आणि तारेत थेट वीज सोडणं.

डुकरासाठी फळात किंवा पिठाच्या गोळ्यात दारू भरून ठेवतात. २०२० च्या मे महिन्यात केरळच्या पालक्काड जिल्ह्यात अशाच स्फोटकाने तोंड फाटलेली गाभण हत्तीण नदीच्या पाण्यात उभी राहून मेली. तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिला, पुढे ढकलला, हळहळलो. ज्याने ते ठेवलं त्याला हत्तीण मारायची नसेलही. पण बॉम्बला डुक्कर कोणतं, हत्तीण कोणती आणि गुराख्याचं पोर कोणतं हे कळत नाही.

विषाचंही तेच. २०२० च्या जानेवारीत आपल्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यात, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. गुराढोरांवर हल्ला झाल्याच्या रागातून हे घडल्याचं पुढे आलं. ज्याचं गुरू गेलं त्याचं दुःख खोटं नव्हतं. गाय-म्हैस म्हणजे घरातलं माणूस, आणि दुधाचा रोजचा पैसा. पण त्या दुःखाने जे केलं त्यात चार जीव गेले, आणि गावावर जो डाग बसला तो वेगळाच.

विजेबद्दल वेगळं काय सांगायचं? सौर झटका यंत्र वेगळं आणि घरातल्या लाइनचा करंट तारेत सोडणं वेगळं. झटका यंत्र क्षणभर धक्का देऊन जनावराला मागे फिरवतं. लाइनचा करंट जीव घेतो. तो डुकराचा घेतो, वाघाचा घेतो, पहाटे पाणी द्यायला निघालेल्या शेजाऱ्याचा घेतो, आणि विसरभोळेपणाने स्वतःच्याच शेतात पाय टाकणाऱ्या मालकाचाही घेतो.

या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. मारणारा तिथे हजर नसतो. तो सापळा लावून घरी येऊन झोपतो. कोण मेलं, किती तडफडलं, हे त्याला बघावं लागत नाही. आमच्या मते हिंसेपेक्षाही वाईट काही असेल तर ही न बघता केलेली हिंसा. आदेश घेऊन, समोर उभं राहून, जाणता नेमबाज एका गोळीत जनावर पाडतो, त्याला निदान आपण काय केलं ते ठाऊक असतं.

*मग पाप लागतं की नाही?*

आता मूळ प्रश्न. आम्हाला वाटतं, या प्रश्नात “पाप कोणाला लागतं” हे आधी ठरवायला पाहिजे.

“हिंसा म्हणजे पाप, विषय संपला” असं म्हणणाऱ्यांना नम्रपणे विचारावंसं वाटतं, आपल्या ताटात भात आहे ना? नांगराच्या फाळाखाली किती जीव जातात? गोदामात उंदरांसाठी काय ठेवतात? आपल्या फ्लॅटमध्ये झुरळांसाठी दर सहा महिन्यांनी माणूस बोलावतो ते कशाला? अन्न खाऊन आणि घर स्वच्छ ठेवून पूर्ण अहिंसक कोणी राहत नाही. ज्याचं शेत नाही त्याची अहिंसा स्वस्त असते. दुसऱ्याच्या पिकावर आपण दया दाखवतो. दया मनाची आणि नुकसान शेजाऱ्याचं, याला दान म्हणत नाहीत.

“पीक वाचवायला सगळं चालतं” असं म्हणणाऱ्यांनाही एक विचारायचं आहे. डुक्कर शेतात येतं ते भुकेने येतं. कुणाचं कर्ज बुडवायला येत नाही. मादीबरोबर पिल्लं असतात. सातबारा त्याला वाचता येत नाही. आपण त्याच्यावर रागावतो, कारण माणसावर, योजनेवर, कचेरीवर काढता न येणारा राग त्याच्यावर काढता येतो. राग आला की शिक्षा द्यावीशी वाटते. पण जनावराला शिक्षा देता येत नाही, कारण त्याने गुन्हा केलेलाच नसतो. फार तर त्याला थांबवता येतं. थांबवण्यासाठी जेवढं लागेल तेवढंच करावं, त्यापलीकडचं सगळं आपल्या रागाचं खाणं.

म्हणून आम्ही असं म्हणतो. इतर उपाय खरोखर करून झाले, तरीही घर बुडायची वेळ आली, आणि मग लेखी आदेशाने, ठरलेल्या भागात, जाणत्या माणसाकडून, मांसाचा लोभ न धरता एखादं डुक्कर मारलं गेलं, तर त्या शेतकऱ्याला पापी म्हणायचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही. त्याने आपलं घर राखलं. गृहस्थाचा तो धर्मच आहे.

पण म्हणून तिथे काहीच झालं नाही, असंही नाही. एक जीव गेला. परवानगीने गुन्हा मिटतो, ऋण मिटत नाही. आणि ते ऋण गोळी झाडणाऱ्या एकट्याचं नाही. जंगल राहावं, वाघ राहावा, नद्यांना पाणी राहावं असं आपल्या सगळ्यांना वाटतं. मलप्रभा आणि म्हादई त्याच जंगलातून वाहतात. त्या जंगलाचा फायदा बेळगावपासून पणजीपर्यंत सगळे घेतात आणि त्याची किंमत बांधावरचं घर भरतं. तेव्हा त्या घराला डुक्कर मारायची वेळ आली, तर ती वेळ येऊ देणाऱ्या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. प्रश्न विचारणाऱ्या कुटुंबाला आमचं उत्तर हेच आहे. तुम्ही एकट्याने हे मनावर घेऊ नका, आम्हीही त्यात आहोत.

वराहावताराबद्दल एकच. बुडणारी पृथ्वी दातांवर उचलून वर आणणारं ते रूप आपण पूजतो. ज्या रूपाने पृथ्वी सावरली, त्याच्या नावाने शेतकऱ्याला दटावणं बरं दिसत नाही. आणि ज्या रूपाला आपण हात जोडतो, त्याच्या जातीला बॉम्ब खाऊ घालणंही बरं दिसत नाही. दोन्ही बाजूंनी जरा सांभाळून बोलावं.

*आपण काय करू शकतो?*

नुसता विचार करून थांबलो तर ते पत्र लिहिण्यापुरतंच राहील. म्हणून काही कामं.

१. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढा, तलाठी किंवा ग्रामसेवक आणि वनखात्याला कळवा, पंचनामा करून घ्या आणि पोच मागा. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे पीक विमा योजनेत खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसानही धरलं जाणार आहे, आणि त्यासाठी ७२ तासांत कळवावं लागतं. ज्यांना मोबाइलवर अर्ज भरता येत नाही, त्यांना आपल्या गटातल्या मुलामुलींनी भरून द्यावा. ही फार मोठी सेवा आहे.

२. खंडाने किंवा वाट्याने शेत करणाऱ्याचं नाव उताऱ्यावर नसतं, म्हणून भरपाई मालकाच्या खात्यात जाते. आपल्यापैकी ज्यांच्या जमिनी गावी आहेत आणि दुसरे कसतात, त्यांनी भरपाई कसणाऱ्याच्या हातात पोचवावी. हे सांगायला लागू नये, तरी सांगतो.

३. डुकराची नजर मंद आणि नाक तीक्ष्ण असतं. त्यामुळे शेताभोवती जुन्या साड्या बांधणं, सलूनमधले केस बांधावर पसरणं हे उपाय पुष्कळ ठिकाणी करतात. तेलंगणात मक्याभोवती एरंडी आणि भुईमुगाभोवती काटेरी करडई लावायचा सल्ला शेतीतज्ज्ञ देतात, आपल्या हैदराबादच्या मंडळींनी त्याची माहिती गटावर द्यावी. एकच उपाय फार दिवस चालत नाही, डुक्कर सरावतं. म्हणून आलटून पालटून करावे लागतात.

४. साड्यांचं काम आपण बायकांनी आजपासून सुरू करू शकतो. कपाटात ठेवलेल्या, कुणाला द्यायलाही संकोच वाटावा अशा जुन्या सिंथेटिक साड्या प्रत्येक घरात पाच-सहा निघतील. धुऊन, घड्या करून आपापल्या केंद्रावर द्याव्यात. खानापूर, चंदगड आणि सत्तरीच्या घरांपर्यंत त्या पोचवायची जबाबदारी सेविका मंडळ घेईल.

५. सौर झटका कुंपण एका घराला परवडत नाही, पण चार-पाच शेतं एकत्र घेतली तर खर्च वाटला जातो. सरकारी अनुदान कुठे कसं मिळतं, ते प्रत्येकाने आपल्या तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारावं. कमी पडेल तिथे या वर्षीच्या अन्नदानाच्या निधीतला काही भाग कुंपणासाठी द्यावा, असं आम्ही केंद्रांना सुचवत आहोत. शिजवलेलं अन्न वाढणं हे अन्नदान आहे, तसंच उभं अन्न वाचवणं हेही आहे. निर्णय केंद्रांनी घ्यायचा आहे.

६. शेवटचं. गटावर कुणी नुकसानीचा फोटो टाकला तर त्याखाली उपदेश लिहू नका. आधी फोन करा, घरी सगळे बरे आहेत ना विचारा, काय लागेल ते विचारा.

भात दाण्यावर यायला अजून अवकाश आहे. तोवर साड्या गोळा होतील, कुंपणाचा अंदाज येईल, आणि ज्यांना आदेशासाठी अर्ज करायचा असेल त्यांना कागद तयार करायला वेळ मिळेल. या वर्षी निदान आपल्या माहितीतल्या एका तरी शेतात गोळीची वेळ न येता पीक घरात आलं, तर ती आपणा सगळ्यांची सेवा सद्गुरूंच्या चरणी रुजू होईल.

आपल्या,
सेविका मंडळ